हजेरीपत्रकात नसलेली माणसे

चर्चच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात पॅरिश कौन्सिलच्या सभांची इतिवृत्ते लिहिलेल्या वह्या ठेवलेल्या असतात. कोकणातल्या दमट हवेने त्यांच्या पानांवर पिवळट डाग पडले आहेत आणि दोन-तीन वह्यांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. २०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी मी त्यांतली वीस वर्षांपूर्वीची वही बाहेर काढली. हवे ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण अक्षर माझेच होते.

'विषय चौथा : आवारातील वापरात नसलेली जुनी विहीर बुजवून त्या जागी वाहने उभी करण्यासाठी फरसबंदी करणे. चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली अकरा सभासदांच्या सह्या आणि शेवटी चिटणीस म्हणून माझी.

२००४ साली मी या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. रत्नागिरी तेव्हा पुणे धर्मप्रांतात मोडत असे. सिंधुदुर्ग धर्मप्रांत त्याच्या पुढच्या वर्षी झाला. सेमिनरीतून बाहेर पडून मला पाच वर्षे झाली होती. सगळे काही नीटनेटके, स्वच्छ आणि आधुनिक करून टाकावे, अशी त्या वयात एक घाई असते. ती माझ्यात जरा जास्तच होती. विहिरीचा ठराव मीच मांडला. कारणेही मीच दिली: घरोघरी नळ आले आहेत, विहिरीचे पाणी कोणी पीत नाही, डास होतात, मुले कठड्यावर चढतात, आणि रविवारी मिस्सेच्या वेळी दुचाक्या रस्त्यावर उभ्या कराव्या लागतात. यातले एकही कारण खोटे नव्हते. आमचे मुख्य धर्मगुरू वयाने थकलेले होते. ते म्हणाले, "तुला बरे वाटते तर कर." सभासदांनी माना डोलावल्या. चर्चा दहा मिनिटेही चालली नाही.

त्या सभेत आणखी एक आवाज उमटला होता, पण तो वहीत नाही. चर्चची साफसफाई पाहणारी एक वृद्ध बाई चहा घेऊन आत आली होती. कपबश्या ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, "बुजवू नका फादर. वर लोखंडी झाकण बसवा. उद्या कुणाला लागली तर?" सगळे हसले, मीही हसलो. ती सभासद नव्हती, म्हणून तिचे म्हणणे इतिवृत्तात घ्यावे हे मला सुचलेही नाही.

विहीर चिरेबंदी होती. जांभ्याचे ताशीव चिरे, आत उतरायला पायऱ्या, वर रहाटाचे दोन खांब. कोणी बांधली, केव्हा बांधली, याची नोंद नव्हती. ज्याने बांधली त्याने ती स्वतःपुरती बांधली नव्हती, इतके मात्र तिच्या रुंदीवरून कळत असे. ती बुजवायला चार दिवस लागले. जुन्या कंपाउंडचे दगड, तुटलेली कौले, शाळेच्या दुरुस्तीतला राडारोडा, सगळे तिच्या पोटात गेले. वर सिमेंटचे ठोकळे बसले. मी त्या कामाचे छायाचित्रही काढून ठेवले होते.

पुढे माझ्या बदल्या होत गेल्या आणि पंधरा-सोळा वर्षांनी मुख्य धर्मगुरू म्हणून मी पुन्हा इथे आलो. रत्नागिरीचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आमच्या अंगणात पडतो आणि जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून समुद्राला जाऊन मिळतो. मे महिन्यात आम्ही टँकरची वाट पाहतो. शहराची तहान शीळच्या धरणावर अवलंबून आहे आणि धरणाची पातळी उतरली की नळ एक दिवसाआड येतो. त्या मे महिन्यात मुलांचे उन्हाळी धर्मशिक्षण शिबिर चालू होते. टँकर आला नाही म्हणून हात धुवायला पाणी नव्हते. एका पालकाने सहज सांगितले, की हे दुचाक्या लावतात ना, तिथे पूर्वी विहीर होती, मे महिन्यातही तिला पुरुषभर पाणी असायचे. नववीत जाणारी एक मुलगी ते ऐकत होती. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "फादर, विहीर बुजवायचे कोणी ठरवले?"

मी म्हणालो, "सर्वांनी मिळून."

"सर्वांनी म्हणजे? आम्हाला कुठे विचारले?"

तिचा जन्म २०१० सालचा. मी हसून वेळ मारून नेली, आणि दुपारी कपाट उघडले.

तेव्हापासून 'सर्वानुमते' हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्याकडे तो शब्द पावित्र्याच्या पातळीवरचा आहे. कुठल्याही संस्थेच्या, सोसायटीच्या, पतपेढीच्या इतिवृत्तात तो आला की पुढे कोणी काही विचारत नाही. परंतु एकमत कोणाचे? जे हजर होते त्यांचे. ज्या निर्णयाचा भार हजर असलेल्यांनीच वाहायचा आहे, तिथे हे पुरेसे आहे. चहा की कॉफी, हे हजर असलेल्यांनी ठरवावे. पण ज्या निर्णयाचा भार अजून न आलेल्या माणसांवर पडणार, तिथे हजर असलेल्यांचे एकमत म्हणजे दुसऱ्याच्या पोत्यात हात घालून केलेला दानधर्म ठरू शकतो. २००४ च्या त्या सभेत आम्ही अकरा-बारा प्रामाणिक माणसे होतो. कोणी लाच घेतली नव्हती, कोणी लबाडी केली नव्हती, आणि तरीही आम्ही जे दिले ते आमचे नव्हते.

ही गोष्ट एका विहिरीपुरती असती तर ती मी पापनिवेदनात सांगून मोकळा झालो असतो, लेख लिहिला नसता. पण आमचा हा जिल्हाच गेली वीस-पंचवीस वर्षे याच प्रश्नाशी झगडतो आहे, फक्त त्याचे आकडे मोठे आहेत.

राजापूर तालुक्यातील मडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी मे २०१० मध्ये झाली. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा तो आराखडा. अशा सुनावणीचे नियम केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेत आहेत. ते मी नंतर मिळवून वाचले. तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यायची. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा. सुनावणी प्रकल्पाच्या जवळ घ्यायची आणि तिचे चित्रीकरण करायचे. आणि एक वाक्य असे, की सुनावणी सुरू करण्यासाठी उपस्थितीची कोणतीही गणपूर्ती आवश्यक नाही. म्हणजे मांडव रिकामा असला तरी जनता ऐकली गेली असे धरता येते. अहवालाची मराठी प्रत फार उशिरा आणि मोजक्या ठिकाणीच पोचली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये साखरी नाटे येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला.

अणुऊर्जा चांगली की वाईट, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझे पदार्थविज्ञान बारावीला संपले. पण एवढे मला कळते, की अणुभट्टीतून निघणारे जळलेले इंधन ज्या काळापर्यंत सांभाळावे लागते, त्या काळाच्या मानाने आमची ग्रामसभा, आमची विधानसभा, नव्हे आमची मराठी भाषासुद्धा, काल जन्मलेली आहे. ज्यांच्यासाठी तीस दिवसांची सूचना काढली, त्यांच्या पाठीमागे किती पिढ्या रांगेत उभ्या होत्या, याचा विचार कोणत्या नियमात बसवायचा?

या विचारासाठी एक रीतसर वाट दाखवण्याचा प्रयत्न आमच्याच डोळ्यांसमोर झाला. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. मंत्रालयाने तो बाजूला ठेवून दिला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. पश्चिम घाटाच्या कुशीतल्या माणसांच्या नातवंडांविषयीचा दस्तऐवज त्या माणसांपासूनच नऊ महिने लपवला गेला होता. नऊ महिन्यांत मूल जन्माला येते.

त्या अहवालात रत्नागिरी जिल्ह्याविषयी पुष्कळ मजकूर आहे. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत, दाभोळ खाडीत उतरणारे सांडपाणी, मासेमारीवर झालेला त्याचा आघात, हे सारे त्यात येते. पण मला जी नोंद खिळवून गेली ती वेगळी आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस सार्वजनिक जमावबंदीचे आदेश लागू होते, असे समितीने लिहून ठेवले आहे. लोकांना विचारायचे असे आपण म्हणतो आणि त्याच लोकांनी एकत्र येऊ नये म्हणून आदेशही काढतो. या दोन गोष्टी एकाच कचेरीतून निघतात.

गाडगीळ समितीचे मुख्य म्हणणे असे होते, की कुठला भाग किती जपायचा याच्या रेषा दिल्लीत ओढून चालणार नाही. सगळी माहिती ग्रामसभांपुढे ठेवावी आणि अंतिम आखणी त्यांच्याकडून यावी. शेजारच्या सिंधुदुर्गात, सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ ग्रामसभांनी आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव आपण होऊन केले होते, ही बाबही अहवालात आली आहे. पर्यावरण हे शहरी, पोट भरलेल्या लोकांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी ते ठराव करणारे कोण होते ते पाहावे. काजू आणि सुपारी पिकवणारी माणसे होती ती.

इथे आपल्याच घरातली एक अप्रिय गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. केरळमध्ये, विशेषतः इडुक्कीच्या डोंगरांत, या अहवालाला आणि त्यामागून आलेल्या कस्तुरीरंगन गटाच्या अहवालाला २०१३ मध्ये जो तीव्र विरोध झाला, त्याच्या अग्रभागी आपले कॅथलिक धर्मगुरू होते. मला त्यांचा सुरुवातीला राग आला होता. आता तितका येत नाही. कष्टाने डोंगर फोडून शेती उभी केलेल्या कुटुंबांना कोणी समोर बसवून, त्यांच्या भाषेत, हा अहवाल समजावून सांगितलाच नव्हता. जिथे माहिती पोचत नाही तिथे अफवा पोचते, आणि घर जाणार अशी अफवा असेल तर माणूस नातवाचा विचार करत नाही, छपराचा करतो. तिथल्या धर्मगुरूंनी आपल्या लोकांची भीती मोठ्याने बोलून दाखवली. ती शांत करण्याचे कामही त्यांचेच होते, असे मला वाटते. पण मी कोण सांगणारा, ज्याने स्वतःच्या हाताने विहीर बुजवली?

यानंतर काय झाले? केंद्र सरकारने मार्च २०१४ मध्ये संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. हरकतींसाठी साठ दिवस. मसुदा अंतिम झाला नाही, मुदत संपली, दुसरा निघाला. मग तिसरा. जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला, पुन्हा साठ दिवस. पहिल्या मसुद्याच्या दिवशी जन्मलेले मूल तोवर चौथी-पाचवीत गेले होते. त्याच्याविषयीच्या निर्णयावर सहा वेळा हरकती मागवल्या गेल्या आणि एकदाही त्याला कोणी विचारले नाही.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. २०१७ मध्ये जमिनीची अधिसूचना, २०१९ मध्ये ती रद्द, मग बारसू-सोलगावचे नाव, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी उन्हात सड्यावर बसलेल्या बायका. त्या दिवसांत मी राजापूरला एका अंत्यविधीला गेलो होतो. दुकानाच्या फळीवर बसलेल्या दोघांचा वाद कानावर पडला. एक म्हणत होता, "आमच्या पोरांनी किती दिवस मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत मरायचे? इथे कारखाना झाला तर पोरांसाठीच होईल ना?" दुसरा म्हणत होता, "आणि आंब्याचा मोहर जळला, समुद्र नासला, तर तुझी पोरे खातील काय?" दोघेही पोरांच्या नावाने बोलत होते. फळीखाली पायरीवर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्यांच्यापैकी कोणाचा होता कोण जाणे. तो निमूटपणे ऐकत होता.

त्या मुलाची आठवण मला कुठल्याही भाषणापेक्षा अधिक बोचते. पुढच्या पिढीचे नाव घेणे फार सोपे असते. प्रकल्प आणणारा ते घेतो, अडवणारा घेतो, आणि मोटारसायकली लावायला जागा हवी असलेला तरुण धर्मगुरूही घेतो: मुले कठड्यावर चढतात, असे मीच म्हटले होते. म्हणून केवळ 'पुढच्या पिढीसाठी' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्यांच्या वतीने बोलण्याची काही शिस्त ठरवावी लागते.

अशी शिस्त कोणी घालून पाहिली आहे का? आमच्या अनेक कुटुंबांची पाळेमुळे गोव्यात आहेत, म्हणून तिथला दाखला प्रथम देतो. गोव्यात लोहखनिजाची बेसुमार खोदाई झाली. गोवा फाउंडेशन या नागरिकांच्या संस्थेने न्यायालयात दाद मागितली. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात एक आदेश असा आहे, की खनिजाच्या विक्रीमूल्यातील १० टक्के रक्कम एका कायमच्या निधीत ठेवावी. हेतू पिढ्यांमधील न्यायाचा. खनिज एकदाच निघते. ते आपण कमावलेले नाही, आपल्याला वारशाने मिळालेले आहे. वारशातला दागिना मोडला तर निदान त्याचे पैसे मुलांच्या नावाने ठेवावेत, हा आपल्या घराघरांतला हिशेब आहे. न्यायालयाने तो राज्याला लावला, आणि त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावणारे साधे नागरिक होते.

दुसरा दाखला लांबचा आहे. जपानमध्ये याहाबा नावाचे एक गाव आहे. २०१५ मध्ये तिथल्या गावकऱ्यांना नियोजनाच्या चर्चेला बोलावले, तेव्हा काही गटांना सांगण्यात आले, की तुम्ही आजचे नाही, २०६० सालचे रहिवासी आहात, तिथून बोला. त्यांना वेगळे अंगरखेही घालायला दिले होते. गंमत अशी, की या गटांच्या मागण्या आजच्या गटांपेक्षा वेगळ्या निघाल्या. आजचे लोक आज काय नाही ते मोजत होते. २०६० चे लोक गावापाशी काय आहे आणि ते कसे टिकेल ते पाहत होते. पाण्याचे नळ जुने झाले आहेत, ते बदलायचे तर पाणीपट्टी वाढवावी लागेल, हेही याच वाटेने गावाने मान्य केले. स्वतःहून पाणीपट्टी वाढवून घेणारे गाव! आपल्याकडे कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

हे वाचून मला आमचा सिनोडचा अनुभव आठवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिनोडची वाटचाल सुरू केली आणि जगातल्या प्रत्येक धर्मग्रामातील श्रद्धावंतांचे म्हणणे ऐकून घ्यावे असे सांगितले. आम्हीही सभा घेतल्या. मोठ्या उत्साहाने अहवाल पाठवला. आता ती हजेरी पाहतो तर निम्म्याहून अधिक माणसे साठीच्या पुढची. मुले कुठे होती? क्लासला. सभा आम्हीच त्यांच्या क्लासच्या वेळेला ठेवली होती. पोप फ्रान्सिस यांनीच २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात पुढच्या पिढ्यांशी असलेले आपले नाते हा दयेचा नव्हे तर न्यायाचा विषय आहे असे शिकवले होते, आणि त्यावर मी दोन प्रवचने दिली होती. प्रवचन देणे आणि क्लासची वेळ पाहून सभा लावणे यांत पुष्कळ अंतर आहे.

मग जानेवारी २०२५ मध्ये आम्ही एक सभा वेगळ्या तऱ्हेने घेतली. विषय एकच: विहीर उकरायची की नाही. रविवारी मिस्सेनंतर, शाळेच्या हॉलमध्ये, क्लासच्या वेळा टाळून. आठवडाभर आधी मराठीत एक पानाचे टिपण घरोघरी दिले, त्यात खर्चाचा अंदाज, पाणी लागेल याची खात्री नाही हे वाक्य, आणि २००४ च्या ठरावाची प्रत, माझ्या सहीसकट. ते शेवटचे जोडताना माझा हात थोडा अडखळला, हे कबूल करतो. सहा माणसांच्या गळ्यात गायकवृंदाचे निळे पट्टे घातले आणि त्यांना २०६० सालात बसवले. चिठ्ठ्या टाकून निवडली होती ती.

एस. टी. तून निवृत्त झालेले आमचे एक मेकॅनिक या सगळ्याच्या विरुद्ध होते. "चर्चचे छप्पर गळतेय आणि तुम्ही खड्डे खणायला निघालात," असे ते आठवडाभर सांगत होते. नेमकी त्यांचीच चिठ्ठी निघाली. पट्टा घालून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी २०६० चा. मला तुमचे पार्किंग नको. पण एक सांगतो, विहिरीसाठी कर्ज काढाल तर ते फेडायला मीच असेन. ते ठेवू नका." सभेत हशा झाला, पण त्या वाक्याने सभेचा रोखच बदलला. सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने विचारले, की आज ज्यांच्या घरी टँकरचे पैसे द्यायला नाहीत त्यांचे काय? २०६० ची काळजी करताना २०२५ ची गरीब माणसे पुन्हा हजेरीबाहेरच राहणार का? या प्रश्नाला कोणापाशी चांगले उत्तर नव्हते. माझ्यापाशी अजूनही नाही. एवढेच ठरले, की टँकरचा खर्च विहिरीच्या खर्चात मिसळायचा नाही, तो आधी बाजूला काढायचा.

ती नववीतली मुलगीही आली होती. आता ती दहावीच्या उंबरठ्यावर होती. तिला पट्टा मिळाला नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, हे काका-काकू २०६० चे नाटक करताहेत. मी तेव्हा पन्नास वर्षांची असेन. मला नाटक करायची गरज नाही. मी असणारच आहे."

कायद्याप्रमाणे ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेल्यालाच स्थान असते. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, कारण केवळ दार उघडे ठेवल्याने बायका बोलत्या होत नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आले. मुलांच्या बाबतीत तसे कोणाच्या लक्षात येईल का? अठरा वर्षांखालच्या मुलाला मत देता येत नसेल, तर निदान त्याचे म्हणणे वेगळ्या पानावर नोंदवून मतदानाआधी वाचून दाखवता येईल. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, एक वही लागते.

सेमिनरीत जुना करार शिकवणारे आमचे प्राध्यापक लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायावर फार वेळ रेंगाळत. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत, कारण जमीन कायमची विकायचा हक्क कोणालाच नाही. आम्ही विद्यार्थी कंटाळत असू. जमीनमहसुलाचा धडा वाटे तो. २०२५ च्या ज्युबिली वर्षात तो अध्याय पुन्हा वाचताना मला चहा घेऊन आलेल्या त्या बाईची आठवण झाली. बुजवू नका, झाकण बसवा. बापाने काही केले तरी नातवाला ते फिरवता आले पाहिजे, हे तिला कपबश्या ठेवता ठेवता समजले होते. धोरण ठरवणाऱ्या कोणत्याही समितीला विचारण्यासारखा हा पहिला प्रश्न आहे: हे झाकण आहे की भराव? अणुभट्टी, धरण, खाण, कर्ज, सगळ्यांना तो लावून पाहावा. कधी कधी भराव घालावाच लागतो, हेही खरे. मग तो घालणाऱ्याने स्वतःचे नाव आणि कारण लिहून ठेवावे, म्हणजे वीस वर्षांनी कोणी विचारले तर हसून वेळ मारून नेता येणार नाही. ती बाई आता नाही. आमच्याच कब्रस्तानात तिची माती आहे.

सभेत एकमत झाले नाही. तेवीस विहीर उकरण्याच्या बाजूने, चौदा विरुद्ध. अठराखालच्या मुलांचे म्हणणे वेगळ्या पानावर लिहून मतदानाआधी वाचले गेले. त्यांतही दोन मुले विरुद्ध होती, त्यांना क्रिकेटला सपाट जागा हवी होती. इतिवृत्त मी लिहिले नाही, एका तरुण शिक्षिकेकडे ते काम दिले होते. तिने विरोधकांची कारणे एकेक करून नोंदवली. ठराव असा झाला, की कर्ज न काढता, जमेल तितके काम करायचे; चर्चच्या छपराची गळती आधी काढायची आणि त्याच छपराचे पावसाचे पाणी विहिरीकडे वळवायचे; दोन वर्षांनी पुन्हा सभा घेऊन चालू ठेवायचे की थांबवायचे ते ठरवायचे.

मार्चमध्ये सिमेंटचे ठोकळे काढले. राडारोडा वर यायला लागला तशी लोक बघायला जमू लागले. शाळेची कौले निघाली, कंपाउंडचे दगड निघाले, एक गंजलेला पोहराही निघाला. कठड्याचे चिरे मीच वरून आत ढकलायला सांगितले होते. त्यांतले बरेचसे अखंड आहेत, ते धुऊन भिंतीला लावून ठेवले आहेत. सव्वीस फुटांवर ओल लागली. पाणी अजून नाही. पैसे संपले म्हणून पावसाआधी काम थांबवले, आणि तोंडावर लोखंडी जाळीचे झाकण बसवून घेतले.